कुटुंबाचा प्रवास आणि मोजके सामान: आधी हात मोजावेत

कुटुंबाच्या प्रवासाची तयारी आपण बहुधा कपाट उघडून करतो आणि हिशेब तिथेच बिघडतो. कपाटात काय काय आहे, हा प्रश्न नंतरचा. गाडीत चढताना आणि उतरताना किती हात मोकळे असतील, हा प्रश्न आधीचा. उदाहरणासाठी नागपूरचे एक कुटुंब घेऊ. आई, बाबा, आजी, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा मे महिन्यात आठ दिवसांसाठी कोकणात निघाले आहेत. आईचा एक हात मुलाला धरण्यात गुंतलेला असतो, बाबांचा एक हात आजींना जिन्यावर आधार देण्यासाठी लागतो, आणि मुलगी स्वतःच्या सॅकपलीकडे काही उचलू शकत नाही. तेव्हा आई आणि बाबांच्या पाठीवर एकेक मोठी सॅक, मुलीची लहान सॅक, आजींच्या खांद्याला एक हलकी पिशवी आणि बाबांच्या उरलेल्या हातात खाण्यापिण्याची एक पिशवी, असे पाचच नग होतात. सहावा नग तयार होऊ द्यायचा नाही, हे आधी ठरवावे आणि मगच कपाटाकडे वळावे.

रेल्वेचा नियम या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो फार उदार आहे. थर्ड एसी आणि स्लीपर या दोन्ही वर्गांत प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे. म्हणजे वरील कुटुंबाला १४० किलोंची मुभा आहे. एवढे सामान नियमात बसते, परंतु नागपूर स्थानकावर संत्रा मार्केटच्या बाजूने आत शिरून पादचारी पुलावरून पलीकडच्या फलाटावर जाताना ते कोण वाहणार? कोकणातील लहान स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. तेवढ्यात आजी, मुले आणि सगळे नग खाली उतरायचे असतात. हमाल मिळेलच, असे तिथे गृहीत धरता येत नाही.

बॅग निवडताना रिकाम्या बॅगेचे वजन पाहावे. मोठ्या आकाराची कडक ट्रॉली बॅग रिकामी असतानाच चार-पाच किलोंची भरते, तर कापडी सॅक साधारण एक ते दीड किलोची असते. शिवाय मऊ बॅग बर्थखाली दाबून सरकवता येते. कडक बॅग सरकली नाही की येण्याजाण्याच्या वाटेत उभी राहते. ट्रॉलीची चाके विमानतळावर आणि गुळगुळीत फरशीवर उत्तम चालतात. जिना, वाळू, चिऱ्यांची पाखाडी (पायऱ्यांची वाट) किंवा होमस्टेचे अंगण आले की तीच बॅग हाताने उचलावी लागते. आजींना पाठीवर काही घेता येत नसेल, तर त्यांची पिशवी दोन किलोंच्या आत ठेवावी. मुलांसाठी २०२० च्या शालेय दप्तर धोरणातील मर्यादा प्रवासातही योग्य आहे: दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. मुलगी तीस किलोंची असेल, तर तिची सॅक पाण्याच्या बाटलीसकट तीन किलोंची.

कपडे: दिवस मोजू नयेत, धुणे मोजावे

सर्वाधिक वजन कपड्यांचे असते आणि सर्वाधिक बचतही तिथेच होते. आठ दिवसांसाठी आठ जोड ही पद्धत सोडून द्यावी. प्रत्येक मोठ्या माणसासाठी अंगावरचा एक जोड आणि बॅगेत तीन जोड पुरतात, मात्र तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी धुणे करायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. चार वर्षांच्या मुलासाठी पाच जोड घ्यावेत, कारण त्याचे कपडे दिवसातून दोनदा बदलावे लागू शकतात आणि ते आकाराने लहान असल्याने वजन फारसे वाढत नाही. आतले कपडे प्रत्येकाचे एक-दोन जोड जास्त असू द्यावेत.

इथे नागपूरकरांची एक सवय आड येते आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर टाकलेला कपडा पाहता पाहता वाळतो, कारण पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हवा अगदी कोरडी. कोकणात तापमान दहा अंशांनी कमी असते, पण हवेतला दमटपणा इतका की जाड सुती कपडा रात्रभरातही धड वाळत नाही, आणि जीन्स तर दुसऱ्या दिवशी दुपारीही कमरेच्या पट्टीशी ओलीच लागते. म्हणून समुद्राकाठी जाताना जीन्स अंगावर घालून निघावे किंवा नेऊच नये. तिचे वजनही सहाशे-सातशे ग्रॅम असते. पातळ सुती सदरे, सुती आणि पॉलिस्टरच्या मिश्रणाचे कुर्ते, हलक्या पॅन्ट असे कपडे घ्यावेत. धुतलेला कपडा हाताने पिळल्यानंतर कोरड्या पंच्यावर पसरावा, पंच्यासकट त्याची घट्ट गुंडाळी करावी आणि ती दोघांनी दोन टोकांनी धरून पुन्हा पिळावी. कपड्यातले बरेचसे पाणी पंचा ओढून घेतो, आणि मग पंख्याखाली टाकलेला पातळ सदरा सकाळपर्यंत वाळतो. यासाठी साबणाची अर्धी वडी, तीन-चार मीटर नायलॉनची दोरी आणि आठ-दहा चिमटे एवढेच लागते.

टॉवेलच्या बाबतीत पंच्याला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अंघोळीचा मोठा टर्किश टॉवेल अर्धा किलो भरतो आणि ओला झाला की त्याच्या दुप्पट; पाच जणांचे पाच टॉवेल म्हणजे एक सॅक जवळजवळ भरलीच. पंचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या वजनाचा असतो, लवकर वाळतो, आणि गरज पडली तर मुलाच्या अंगावर पांघरायलाही चालतो. नागपूरच्या उन्हात डोक्याला आणि तोंडाला बांधायचा सुती दुपट्टा तर सोबत असतोच. तोच एसी डब्यात कानांना, उशीला आणि झोपलेल्या मुलाच्या पायांवर उपयोगी येतो. एसी डब्यात चादरी, उशी आणि ब्लँकेट रेल्वे देते, त्यामुळे घरून पांघरुणे नेण्याचे कारण नाही. स्लीपरने जाणार असाल, तर प्रत्येकी एक पातळ चादर पुरे.

आजींच्या साड्यांचा विचार वेगळा करावा लागतो आणि तो त्यांना विचारूनच करावा. एका सुती साडीचे वजन अर्धा किलोच्या घरात जाते, त्यावर परकर आणि ब्लाउज वेगळे. एकाच परकरावर चालतील अशा रंगांच्या तीन साड्या निवडल्या, उदाहरणार्थ मरून, तपकिरी आणि गडद गुलाबी, तर तीन परकरांऐवजी दोनच न्यावे लागतात, एक अंगावर आणि एक वाळत. ब्लाउज मात्र तीन असावेत, कारण उकाड्यात तो रोज बदलावा लागतो. त्यांना सुती साडीचीच सवय असेल, तर हलकी म्हणून सिंथेटिक साडी त्यांच्या गळी उतरवू नये. मे महिन्याच्या घामात ती त्रासदायक होते, आणि वाचलेल्या दोनशे ग्रॅमपेक्षा त्यांचा आराम मोलाचा आहे.

चपला-बुटांचे गणित सोपे आहे: एक जोड पायात, एक बॅगेत. जड असेल तो पायात.

एकेकाचे आणि सगळ्यांचे

कुटुंबाचे सामान फुगते ते बरेचदा एकच वस्तू चार ठिकाणी भरल्यामुळे. चार टूथपेस्ट, तीन तेलाच्या बाटल्या, प्रत्येकाचा वेगळा चार्जर आणि दोघांच्या दोन छत्र्या, असे नकळत होते, कारण प्रत्येकजण आपापली बॅग दुसऱ्याला न विचारता भरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांचे सगळे एकटी आई भरते. तिला कोणाचे काही राहून गेल्याचा बोल लागू नये म्हणून ती ‘असू दे’ म्हणत प्रत्येक गोष्ट जास्तीची घेते. हा भार तिच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी, जेवणे आटोपल्यावर, सगळ्यांनी आपापला ढीग पलंगावर मांडावा, दहा वर्षांच्या मुलीनेही, आणि सामाईक वस्तूंचा ढीग वेगळा करावा. कुटुंबाला एक टूथपेस्ट, एक साबणदाणी, एक कंगवा-तेलाची पिशवी, दोन-तीन फोन एकदम लावता येतील असा एक चार्जर आणि एक पॉवर बँक पुरते. तेल आणि शाम्पू लहान बाटल्यांत काढून घ्यावेत.

मांडलेल्या ढिगातील प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: ही राहिली तर तिथे विकत मिळेल का? साबण, टिकल्या, बिस्किटे, प्लास्टिकची चप्पल कुठेही मिळते. चष्मा, रोजच्या गोळ्या, मुलाचे झोपताना कुशीत लागणारे खेळणे मिळत नाही. दुसऱ्या यादीतील वस्तू आधी भरायच्या आणि पहिल्या यादीतील शक्य तितक्या घरी ठेवायच्या.

औषधांत काटकसर करू नये. आजींच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात, त्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात म्हणजे नाव आणि मुदत वाचता येते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोन फोनमध्ये असावा. औषधांची पिशवी सॅकच्या तळाशी न जाता आजींच्या खांद्यावरच राहावी. इन्सुलिन असेल, तर नागपूरच्या उन्हात त्यासाठी थंडावा टिकवणारी लहान पिशवी घ्यावी आणि ते उभ्या गाडीच्या डिक्कीत कधीही ठेवू नये. ओआरएसची चार पाकिटे वजनाला नगण्य आहेत, ती हवीतच.

पाणी आणि शिदोरी

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पाच जणांच्या पाच भरलेल्या बाटल्या हे सामानातले मोठेच ओझे ठरते. तरीही विदर्भाच्या उन्हाळ्यात कमी पाणी घेऊन निघण्याचा सल्ला मी देणार नाही. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या भरून आणि तिसरी, घडी होणारी, रिकामी घ्यावी; वर्धा-बडनेरा मागे पडल्यावर मोठ्या स्थानकांवर पाणी मिळत जाते. खाण्यात ओले आणि कोरडे असा भेद करावा. पहिल्या जेवणासाठी दशम्या किंवा तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी कागदात बांधून घ्यावी, म्हणजे स्टीलचे डबे रिकामे होऊनही आठ दिवस सोबत फिरत नाहीत. रस्सा, लोणचे आणि दही प्रवासात टाळावे. त्यांच्यासाठी घट्ट झाकणाचे जड डबे लागतात आणि एक जरी सांडला तरी सगळी सॅक धुवावी लागते. चिवडा एकाच मोठ्या पिशवीत.

सोनेगावच्या विमानतळावरून जाणाऱ्यांसाठी हिशेब अधिक काटेकोर आहे. देशांतर्गत स्वस्त तिकिटांवर बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले सामान चालते, आणि त्या सातांतले तीन किलो ट्रॉलीच खाते. पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. घरी वजनकाट्यावर आधी बॅग घेऊन आणि मग बॅगेशिवाय उभे राहावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॅगेचे वजन.

मोटारीने जाताना उलटाच धोका असतो. डिक्की मोठी आहे म्हणून सामान वाढत जाते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर, भरगच्च लादलेली गाडी वेगाने नेणे टायरच्या दृष्टीने धोक्याचे आहे; टायरमधील हवा भरलेल्या गाडीच्या मापाने तपासून घ्यावी. मागच्या काचेखालच्या फळीवर जड काही ठेवू नये, कारण जोरात ब्रेक लागला की ते थेट मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येते.

हिवाळ्यात चिखलदरा, पचमढी किंवा ताडोब्याला जाताना जाड स्वेटरांचा ढीग न नेता पातळ कपडे एकावर एक घालता येतील असे घ्यावेत. ताडोब्याच्या पहाटेच्या सफारीत उघड्या जिप्सीत वारा झोंबतो, तेव्हा प्रत्येकी एक जाकीट आणि कानटोपी लागतेच. ते जाकीट प्रवासात अंगावर किंवा हातावर असावे, बॅगेत नव्हे.

परतीची जागा

नागपूरहून नातेवाइकांकडे रिकाम्या हाताने जाण्याची आपली रीत नाही, आणि ती मोडावी असेही मला वाटत नाही. संत्रा बर्फीचे दोन डबे सॅकमध्ये सर्वांत वर भरावेत. ते पहिल्याच मुक्कामी रिकामे होतात आणि तीच जागा परतीसाठी उरते. आमसुले, काजू, कोकमाचे आगळ यांना ती पुरते. आंब्यांना मात्र पुरत नाही. पाव किलोचा एक हापूस धरला, तरी एका डझनाचे तीन किलो होतात, आणि पेटी उचलायला मोकळा हात कोणाचाच नसतो. पेटी हवीच असेल, तर ती पार्सलने पाठवण्याची सोय बागायतदाराकडेच विचारावी.

परतताना धुवायचे कपडे वेगळ्या पातळ पिशवीत घालून सॅकच्या तळाशी भरावेत, आणि ओला पंचा त्यांत कोंबू नये. घरी पोचल्यावर सॅक त्याच संध्याकाळी रिकामी करावी. आठ दिवसांत एकदाही न वापरलेल्या वस्तू, औषधे सोडून, पलंगावर एका बाजूला काढाव्यात आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या प्रवासाच्या यादीतून त्यांची नावे लगेच खोडावीत, कारण दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा निघेपर्यंत ती कोणाला आठवणार नाहीत.