भिंतीला हात टेकून उभ्यानं करायचा पोटाचा व्यायाम

पावसाळ्यात कोकणातल्या घरांत फरशीला घाम फुटतो. अशा वेळी जमिनीवर प्लँक, म्हणजे हात आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरायचा व्यायाम, करायचा तर चटई दमट आणि हात घसरतात. तोच प्लँक भिंतीवर उभ्यानं करता येतो. भातलावणीत वाकून कंबर भरून आलेल्यांना तो झेपतोही बरा.

आधी भिंत पाहा. जांभ्याचा उघडा चिरा तळव्यांना टोचतो, म्हणून गिलावा केलेली कोरडी भिंत घ्या. कुडावर किंवा पत्र्यावर भार टाकू नका. अनवाणी उभे राहा, पायाखालची जागा आधी पुसून घ्या.

हात सरळ केल्यावर बोटं भिंतीला लागतील इतक्या अंतरावर उभे राहा आणि तिथून वीतभर मागे सरका. तळवे खांद्यांच्या उंचीवर टेका. भिंतीला लावून ठेवलेल्या शिडीसारखं अंग टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ तिरकं हवं. आता खोकताना पोट होतं तसं घट्ट करा. आत ओढू नका. श्वास सोडत, तीन मोजत उजवा गुडघा कमरेपर्यंत उचला, क्षणभर थांबा, श्वास घेत तीन मोजत खाली आणा. मग डावा. प्रत्येक पायाने ८ वेळा, अशा ३ फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. आठवड्यातून ३ दिवस, एकाआड एक.

गुडघा हलतो तेव्हा कंबर जागची हलू न देणं, हेच खरं काम आहे. घरातल्या कुणाला तरी कमरेवर तळहात ठेवायला सांगा. हाताखाली कंबर खोल गेली तर पोट सैल पडलंय. पाय चार बोटं भिंतीकडे घ्या. कंबर गोल झाली तर गुडघा जास्त वर गेलाय. टेकलेल्या पायाचा खुबा बाहेर ढकलला गेला तर त्या कुल्ल्याच्या कडेचा स्नायू कमी पडतोय; कुल्ला आवळा, गुडघा अर्ध्यावरच थांबवा. खांदे कानांकडे चढत असतील तर तळव्यांनी भिंत ढकला. श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब चढतो.

कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या जात असतील, हर्निया असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

८ वेळा सहज जमू लागलं की आणखी वीतभर मागे सरका. तेही जमलं की उजवा गुडघा वर असताना डावा तळवा भिंतीपासून दोन बोटं सोडा. इथे अंग वळू पाहतं. छाती भिंतीसमोरच राहिली तरच ती खेप मोजा.