शाळेच्या प्रयोगशाळेत माकुलाचे विच्छेदन

मराठवाड्यातील शाळेला समुद्री अपृष्ठवंशीय प्राणी आतून दाखवायचा असेल, तर माकूल (स्क्विड) हा सर्वांत सोयीचा नमुना आहे. तो खाण्यासाठीच विकला जातो, त्यामुळे तासासाठी वेगळा जीव मारावा लागत नाही आणि त्याचे बहुतेक अवयव भिंगाशिवाय दिसतात. जायकवाडीची मासळी आपल्याकडे ताजी मिळते, समुद्री माल मात्र बर्फातून येतो. म्हणून विक्रेत्याला आधी सांगून साफ न केलेला, अखंड माकूल मागवावा. समुद्रकाकडी मागवू नये, कारण ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे.

गोठलेला नमुना रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सैल होऊ द्यावा. उन्हाळ्यात हा तास घेऊ नये. घ्यावाच लागला तर सकाळच्या पहिल्या तासिकेला घ्यावा. कोळंबी-माकुलाची ॲलर्जी असलेली मुले कोणती, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. माळकरी घरातील मुलाला हात लावायचा नसेल, तर त्याने आकृती काढावी आणि त्यासाठी त्याचे गुण कापू नयेत.

ट्रेमध्ये माकूल असा ठेवावा, की डोक्याखालचे नरसाळे वर दिसेल. ती अधर, म्हणजे पोटाकडची, बाजू होय. आठ बाहू आणि दोन लांब स्पर्शके आधी मोजून घ्यावीत. नंतर बोथट टोकाची कात्री नरसाळ्याजवळच्या मोकळ्या कडेतून आत घालून, टोक सतत वर उचललेले ठेवत, प्रावाराच्या, म्हणजे अवयव झाकणाऱ्या मांसल आवरणाच्या, मध्यरेषेवरून शेपटीपर्यंत कापत जावे. सगळे कौशल्य या एकाच कापात आहे: टोक खाली झुकले की शाईची पिशवी फुटते आणि पुढचे काहीच नीट दिसत नाही. प्रावार दोन्हीकडे पसरून टाचण्यांनी पक्के करावे.

आत दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखे कल्ले दिसतात. प्रत्येक कल्ल्याच्या बुडाशी एक छोटे हृदय असते आणि शरीराला रक्त पुरवणारे तिसरे त्या दोहोंच्या मध्ये. रक्त लाल का दिसत नाही, हा प्रश्न हमखास येतो. त्यातील हिमोसायनिन या वाहकात लोहाऐवजी तांबे असते, हे तिथेच सांगावे. प्रौढ मादीत दोन मोठ्या पांढऱ्या ग्रंथी इतर अवयव झाकून टाकतात आणि मुले त्यांनाच पोट समजतात, म्हणून त्या हलकेच बाजूला कराव्यात. चंदेरी-काळी शाईची पिशवी चिमट्याने अलगद सोडवून वाटीत ठेवावी. पाठीकडील पारदर्शक कायटिनची पट्टी पुढच्या कडेला धरून ओढली की सबंध निघते. तिचे टोक शाईत बुडवून वहीत नाव लिहिण्याची मुभा मी देतो, कारण त्यानंतर वर्गाला या अवयवांचा विसर पडत नाही. शेवटी बाहूंच्या मधला भाग दाबून चोच बाहेर काढावी.

हे मांस कोणीही घरी नेऊ नये. उरलेले अवशेष कागदात गुंडाळून, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात त्याच दिवशी पुरावेत आणि ट्रे, कात्री व हात साबणाने धुवावेत.