सांगलीत समुद्र सांभाळताना या चुका टाळा

शाळेच्या सहलीतल्या बऱ्याच पोरांना समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा आपल्याच मत्स्यालयाच्या काचेमागे दिसतो. तो धापा टाकताना दिसू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

रत्नागिरीचा किनारा घाटापलीकडे. म्हणून समुद्र इथेच कालवायचा: आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मिठाचं मिश्रण. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचा मेळ नसतो.

खरा घोटाळा होतो पाण्याची पातळी उतरल्यावर. एप्रिल-मेमध्ये पाणी झपाट्याने उडतं आणि नवा माणूस तूट खाऱ्या पाण्याने भरतो. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. 1,000 लिटरच्या टाकीतून रोज 10 लिटर उडालं आणि तेवढंच खारं पाणी ओतलं, तर 20 दिवसांत 35 ची क्षारता (लिटरमागे मिठाचे ग्रॅम) 42 वर जाते. पाणी दिसायला तसंच नितळ, मासे मात्र खाणं सोडतात. मी काचेवर चिकटपट्टीची रेघ लावलीय. रोज सकाळी तिथपर्यंत साधं आरओचं पाणी.

दुसरी चूक माझ्या हातून झालेली. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली माशांची पिशवी उघडून, त्यांना सवय व्हावी म्हणून, मी तासभर तिच्यात थेंबथेंब टाकीचं पाणी सोडत बसलो. मासे डोळ्यांदेखत आडवे झाले. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, त्यामुळे माशांनीच सोडलेल्या अमोनियाचं विष दबलेलं असतं. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. आता विक्रेत्याला क्षारता आधीच विचारतो, क्वारंटाइनची (नवे मासे आधी वेगळे ठेवायची) टाकी तेवढ्यावरच आणून ठेवतो. बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवायचं, मग उघडून मासा लगेच आत. पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं.

नव्या टाकीत हा अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात. उद्घाटनाची तारीख त्यानंतरचीच घ्या.

आणि वीज. 2019 च्या पुरात सांगलीकरांनी अंधारात दिवस काढलेत. इन्व्हर्टरवर आधी हवेचा पंप ठेवा, दिवे नसले तरी चालतील. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आतलं पाणी कुजलेलं असतं, ते बादलीत ओतून मगच बटण दाबा.