रंगापुढे विथ, फ्रॉम की इन? आधी आपला 'ने' तपासा

भाषांतराच्या कामाला लागले तेव्हा पहिल्याच कथेत एक साधं वाक्य होतं: 'रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते.' मी इंग्रजीत लिहिलं, 'हर आइज वेअर रेड बाय क्राइंग.' मसुदा परत आला तेव्हा 'बाय'भोवती पेन्सिलीने गोल केलेला होता आणि शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह. बरोबर शब्द कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. मी 'विथ' घालून पाहिलं, 'ऑफ' घालून पाहिलं, शेवटी 'फ्रॉम'वर येऊन थांबले. शब्द बरोबर निघाला, पण तोच का, हे मला सांगता येईना. ते फार दिवस डाचत राहिलं. तेव्हापासून रंगाचा शब्द आणि त्याच्यापुढचं प्रेपोझिशन जिथे दिसेल तिथून वहीत उतरवून घ्यायला लागले.

वही भरत गेली तसं लक्षात आलं, की घोळ इंग्रजी रंगांचा नाही, आपल्या 'ने'चा आहे. रागाने लाल, काजळीने काळी, उन्हाने रापलेला, लाल शाईने लिहिलेलं, हिरव्या रंगाने रंगवलेलं: ही सगळी कामं मराठीत तृतीयेचा एकच प्रत्यय उरकतो. इंग्रजीत त्याच कामांच्या वाटण्या झाल्या आहेत. म्हणून रंगाचं वाक्य इंग्रजीत लिहायचं असेल तर आधी ते मराठीत म्हणा आणि त्यातला 'ने' नेमकं काय करतोय ते बघा.

पहिला प्रश्न असा विचारा: ज्याने रंग आला ते या क्षणी तिथे हजर आहे का? असेल तर 'विथ'. राग अंगात आहे, म्हणून 'रेड विथ अँगर'. भीती आहे, म्हणून 'व्हाइट विथ फिअर'. काजळी भिंतीवर बसलेली दिसते आहे, म्हणून 'ब्लॅक विथ सूट'. बूट धुळीने माखलेत, 'ग्रे विथ डस्ट'. सांडलेली साखर मुंग्यांनी काळी झालीय, 'ब्लॅक विथ अँट्स'. भावना असो की वरून बसलेला थर, इंग्रजीला दोन्ही सारखेच: रंगाच्या सोबत त्याचं कारणही उभं आहे. जुन्या इंग्रजीत 'सोबत' या अर्थी 'मिड' असा वेगळा शब्द होता आणि 'विथ'चा अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'विथस्टँड'मध्ये, म्हणजे एखाद्या गोष्टीपुढे टिकून राहण्यात, तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. पुढे 'विथ'ने 'मिड'ची जागा घेतली, आणि 'मिड' उरला तो 'मिडवाइफ'मध्ये, बाळंतिणीच्या सोबत असणारी या अर्थाने. मला हा 'सोबत' फार उपयोगी पडतो. अडले की 'रागासोबत लाल' असं मनात म्हणून बघते.

आपण मत्सराने जळतो, इंग्रजी माणूस हिरवा होतो. तिथे 'ग्रीन विथ एन्व्ही' हेच रूप रूढ आहे, 'विथ'च्या जागी दुसरं काही घालू नका.

आता माझी ती रडण्याची अडचण. रडून झालंय, डोळ्यांत त्याची खूण मागे राहिली आहे. जे घडून गेलं आणि रंग ठेवून गेलं, त्याला 'फ्रॉम'. 'रेड फ्रॉम क्राइंग', 'रेड फ्रॉम रबिंग', 'ब्राउन फ्रॉम द सन'. मराठी इथे आपल्याला छान इशारा देते: आपण 'रडण्याने लाल' म्हणत नाही, 'रडून लाल' म्हणतो. 'चोळून लाल', 'चालून लाल'. वाक्यात असा 'ऊन' प्रत्यय दिसला आणि ते खरंच शरीराने केलेलं काम असेल, तर 'फ्रॉम' लिहा. अट महत्त्वाची आहे, कारण 'लाजून लाल'मध्येही 'ऊन' आहे, पण लाज ही भावना, ती अजून चेहऱ्यावर आहे. तिथे 'रेड विथ एम्बॅरसमेंट'च.

थंडीचं मात्र दोन्हीकडे चालतं. 'ब्लू विथ कोल्ड' आणि 'ब्लू फ्रॉम द कोल्ड' ही दोन्ही रूपं चांगल्या लेखनात सापडतात. त्यांच्यातला 'द' बघा. 'विथ'नंतर बहुधा उघडं नाम येतं: कोल्ड, अँगर, एज. जुन्या कागदाचा पिवळेपणा 'यलो विथ एज', त्यातही 'द' नाही. 'फ्रॉम'नंतर थंडी किंवा ऊन आलं की 'द' सहसा सोबत येतो. मला स्वतःला माणूस अजून कुडकुडत असेल तर 'विथ' बरा वाटतो, घरात येऊन बसला असेल तर 'फ्रॉम'.

आणि 'बाय'? कारण सांगायचं असेल तर नुसत्या रंगापुढे तो लावू नका. तो क्रियापदाला लागतो. 'ब्लॅक बाय स्मोक' चूक, 'ब्लॅकन्ड बाय स्मोक' बरोबर. 'ब्राउन बाय द सन' चूक, 'ब्राउन्ड बाय द सन' बरोबर. इथे एक गंमत वहीतच सापडली. रेडन, व्हाइटन, ब्लॅकन अशी क्रियापदं होतात, पण 'ग्रीनन' किंवा 'ब्लूअन' होत नाहीत. हा 'अन' ट, ड, क यांसारख्या अडवून उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनावर संपणाऱ्या छोट्या शब्दांनाच लागतो. 'ग्रीन' आणि 'ब्राउन' नाकातल्या 'न'वर संपतात, 'ब्लू', 'ग्रे', 'यलो' स्वरावर. म्हणून ब्राउन आणि यलो काही न जोडताच क्रियापद होतात.

रंग कशाने आला याऐवजी कुठे आला हे सांगायचं असेल तर 'ने'चा संबंधच सुटतो. माणसाचा चेहरा लालबुंद झाला: 'रेड इन द फेस'. कानशिलांवर केस पिकले: 'ग्रे ॲट द टेंपल्स'. पान कडांना तपकिरी पडलं: 'ब्राउन ॲट द एजेस'. ओठांभोवती निळसर: 'ब्लू अराउंड द लिप्स'. चेहऱ्याला 'इन', टोकांना आणि कडांना 'ॲट', भोवतालच्या भागाला 'अराउंड'. आपण सांगून सांगून घसा कोरडा करतो, तिथे इंग्रजीत माणूस 'ब्लू इन द फेस' होतो. त्यातला 'द' गाळला की वाक्य लंगडं होतं.

लिहिण्याच्या सामानाचा 'ने' सर्वांत जास्त फसवतो. लाल पेनाने लिहिलं: 'विथ अ रेड पेन', कारण पेन हातातलं हत्यार. लाल शाईने लिहिलं: 'इन रेड इंक', कारण शाई कागदावर राहिली. दोन्हीकडे मराठीत 'ने'च आहे, आणि कितीतरी मसुद्यांत मी 'विथ रेड इंक'चं 'इन रेड इंक' केलं आहे. कपड्यांनाही 'इन': निळ्या कपड्यातली मुलगी 'द गर्ल इन ब्लू'. पण 'इन द रेड' झालं की अर्थच पालटतो, तो हिशेबातला तोटा. तोट्याचे आकडे लाल शाईने मांडायच्या रीतीवरून तो आला.

काही ठिकाणी काहीच लागत नाही. दार हिरव्या रंगाने रंगवलं, 'पेंटेड द डोअर ग्रीन', बस. चेहरा लाल झाला, 'टर्न्ड रेड', मध्ये 'इंटू' नको. लाल रंगाचा सदरा 'अ रेड शर्ट', 'ऑफ रेड कलर' नको. 'रेड इन कलर' चुकीचं नाही, पण लाल हा रंगच असतो, तेव्हा वर्णनात्मक नोंदीबाहेर मी ते काढून टाकते. आणि 'ब्लू' म्हणजे उदास असेल तर कशाबद्दल उदास ते 'अबाउट'ने सांगा: 'फीलिंग ब्लू अबाउट इट'.

नव्या लोकांना मी एक वाक्य सोडवायला देते: निळ्या कपड्यातला मुलगा, धुळीने पांढरे झालेले बूट, चालून लाल झालेले पाय. 'अ बॉय इन ब्लू, हिज शूज व्हाइट विथ डस्ट, हिज फीट रेड फ्रॉम वॉकिंग.' कपडे अंगावर आहेत, धूळ अजून बुटांवर आहे, चालणं संपलं आहे.