दोन चंद्रांच्या कथेआधी एक भरती मोजा

कोकण किनाऱ्यावर घडणाऱ्या विज्ञानकथेत आकाशात दुसरा चंद्र टांगायचा असेल, तर आधी खऱ्या चंद्राचा हिशेब वहीत उतरवावा. आपल्याकडे दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, तर अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती, असते. मुंबईच्या किनाऱ्यासाठी तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते.

आता या हिशेबातला एकच नियम बदलावा आणि त्याचे परिणाम माणसांपर्यंत न्यावेत. दुसऱ्या चंद्राची फेरी वेगळ्या कालावधीची असेल, तर उधाण तिथीवरून ओळखता येणार नाही. मग खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाची उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचे दार) कधी बंद करायची, होडी खाडीबाहेर कधी काढायची आणि ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी गेलेल्यांनी केव्हा परतायचे, हे कोण सांगणार? ज्याला हे गणित जमते, त्याच्या हाती गावाची सत्ता जाते, आणि माझ्या मते खरी कथा तिथेच असते. (चंद्राचे वस्तुमान वहीतच राहू द्यावे.)

दिवाळी अंकाला कथा पाठवताना खगोलाचे परिच्छेद आधी कापावेत, उघाडीवरचे भांडण मात्र पूर्ण ठेवावे.