जननसंस्थेचा कर्करोग झालेल्या स्त्रियांची काळजी घेताना या चुका टाळा

गर्भाशयमुख, गर्भाशय, बीजांडकोश, योनिमार्ग किंवा बाह्य जननेंद्रिय यांपैकी कोणत्याही अवयवाच्या कर्करोगाचे निदान झाले, की घरातले सगळे बोलणे रोगाचा टप्पा, शस्त्रक्रियेची तारीख आणि केमोच्या फेऱ्या यांभोवती फिरू लागते, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र त्याच काळात त्या स्त्रीला शांत झोप लागते का, लघवीला आग होते का, पाय जड वाटतात का, पतीजवळ जाण्याची भीती वाटते का, हे प्रश्न मागे पडतात. ‘एवढे तर सोसावेच लागते’ अशी समजूत रुग्ण, नातेवाईक आणि कधीकधी डॉक्टर या तिघांचीही असते. ज्या त्रासांवर साधे, परिणामकारक उपाय उपलब्ध आहेत असे पुष्कळ त्रास केवळ या समजुतीमुळे महिनोन्महिने अंगावर काढले जातात.

सहायक उपचार शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवणे

सहायक उपचारांचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, नाव ऐकताच ‘आता डॉक्टरांनी हात टेकले’ असा अर्थ घेतला जातो, आणि म्हणून त्या विभागाकडे जाणे शक्य तितके लांबवले जाते. वास्तविक वेदना, उलट्या, धाप, झोप, चिंता आणि कुटुंबाची ओढाताण यांकडे एकत्रितपणे पाहणारी ही वैद्यकशाखा आहे, आणि तिचे काम रोगावरील मूळ उपचारांबरोबरच सुरू व्हावे असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांना निदानानंतर लगेच ही सेवा मिळाली, त्यांचे दैनंदिन जीवन अधिक सुसह्य झालेच, शिवाय शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी होऊनही ते सरासरीने अधिक काळ जगले. तो कर्करोग वेगळा होता हे खरे. पण त्रास आटोक्यात ठेवला की रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते, ही भीती निराधार आहे एवढे त्यातून निश्चित दिसते.

त्रास पुढच्या भेटीपर्यंत मनात ठेवणे

दोन भेटींच्या मधले आठवडे हीच खरी अवघड वेळ असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, पसरलेला कर्करोग असलेल्या आणि केमो घेणाऱ्या रुग्णांना आपली लक्षणे संगणकावरून नियमितपणे कळवण्यास सांगितले होते आणि त्रास वाढल्यास परिचारिकेला सूचना जात असे. त्या रुग्णांमध्ये जननसंस्थेचा कर्करोग असलेल्या स्त्रियाही होत्या. या गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३१.२ महिने, तर नेहमीच्या पद्धतीने भेटीला येणाऱ्या गटाचे २६ महिने भरले. तेव्हा वहीत रोज दोन ओळी लिहून ठेवणे आणि त्रास वाढला की फोन करणे याला किरकोळ समजू नये.

काही लक्षणांसाठी तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर ती तातडीची स्थिती आहे. ‘आधी पॅरासिटामॉल देऊन बघू’ हा येथे घातक ठरणारा निर्णय आहे, कारण गोळीने ताप उतरतो पण रक्तात पसरणारा संसर्ग तसाच राहतो.

उलटीच्या औषधांबाबत नेमकी उलट चूक होते: गोळ्या घरात असतात, पण उलटी झाल्यावरच घेतल्या जातात. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधामुळे होणारी मळमळ दुसऱ्या दिवसापासून चार-पाच दिवसांपर्यंत टिकू शकते, म्हणून त्या गोळ्या सांगितलेल्या दिवशी आणि सांगितलेल्या वेळी, बरे वाटत असले तरी घ्यायच्या असतात. त्याचप्रमाणे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध घेताना बोटांना मुंग्या येऊ लागल्या, बटणे लावणे अवघड जाऊ लागले, तर ते लगेच सांगावे. मात्रा कमी होईल या धास्तीने अनेक जणी ही गोष्ट दडवतात. परंतु नसांची इजा एका मर्यादेपलीकडे गेली तर ती पूर्ण भरून येत नाही, आणि वेळेवर मात्रा बदलणे हाच तिच्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

मॉर्फिनला घाबरणे आणि बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष करणे

दुखणे असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेतली, तर तेवढ्याच आरामासाठी अधिक औषध लागते आणि मधला काळ भीतीत जातो. सतत राहणाऱ्या कर्करोगाच्या वेदनेवर औषध घड्याळाप्रमाणे घ्यावे लागते, आणि मध्येच उसळणाऱ्या कळेसाठी वेगळी मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी लागते. मॉर्फिन सुरू करणे म्हणजे शेवट जवळ आला, असा त्याचा अर्थ नाही. ते वेदनेच्या तीव्रतेनुसार दिले जाते, आयुष्याच्या शिल्लक दिवसांनुसार नाही. व्यसनाची शंका असेल, किंवा पूर्वी कोणत्याही पदार्थाचे व्यसन असेल, तर ते मोकळेपणाने सांगावे. देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या औषधाची शरीराला सवय होते, म्हणून ते एकदम बंद न करता हळूहळू उतरवतात. ही सवय आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात कमरेतून पायात उतरणारी, जळजळ किंवा विजेच्या झटक्यासारखी कळ नसांवरील दाबामुळे असू शकते, आणि तिच्यावर नेहमीची वेदनाशामके अपुरी पडतात. म्हणून ‘दुखते’ एवढेच न सांगता कसे दुखते, कोठे सरकते, रात्री जाग येते का, हे सांगितल्यास औषधाची निवड बदलते. स्वतःच्या मनाने दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणे मात्र टाळावे. सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, आणि या कर्करोगात मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्या असण्याचीही शक्यता असते.

मॉर्फिनबरोबर पोट साफ ठेवणारे औषध पहिल्याच दिवसापासून सुरू झाले पाहिजे. गुंगी आणि मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे: बीजांडकोशाच्या कर्करोगात आतडे अडकण्याचा धोका असतो. पोट फुगलेले आहे, कळा येत आहेत, उलट्या होत आहेत आणि गॅसही सरत नाही, अशा वेळी ती साधी बद्धकोष्ठता समजून आणखी जुलाबाचे औषध देऊ नये. थेट रुग्णालय गाठावे.

सुजलेला पाय चोळत बसणे

ओटीपोटातील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्यानंतर किंवा तेथे रेडिएशन दिल्यानंतर पायात, जांघेत अथवा बाह्य जननेंद्रियावर लसिकाद्रव साठून सूज येऊ शकते. तिला लिम्फेडेमा म्हणतात, आणि ती काही महिन्यांनीच नव्हे, काही वर्षांनीही सुरू होऊ शकते. सुरुवातीला सूज दिसत नाही. पाय जड वाटतो, चप्पल घट्ट होते, मोज्याचा वळ राहतो. याच टप्प्यावर मापाचे दाबमोजे, प्रशिक्षित व्यक्तीकडून विशिष्ट पद्धतीचा हलका मसाज, त्वचेची निगा आणि व्यायाम सुरू केल्यास सूज आटोक्यात राहते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा या सुजेवर उपयोग होत नाही. पाय हलवू नये, जपून बसावे, हा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. त्या पायाची त्वचा अचानक लाल, गरम झाली आणि ताप आला, तर प्रतिजैविकांची तातडीने गरज असते.

परंतु एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखू लागली, तर मसाज करू नये. ती शिरेतील रक्ताची गुठळी असू शकते, आणि हा धोका बीजांडकोशाच्या कर्करोगात विशेष असतो. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता धरून तिला तातडीने रुग्णालयात न्यावे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावरही सुमारे चार आठवडे रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने लिहून दिली जातात ती याचसाठी. टोचून घेण्याचा कंटाळा आला म्हणून ती मध्येच सोडू नयेत.

योनिमार्गाविषयी कोणीच न बोलणे

माझ्या मते या साऱ्या उपचारांतील सर्वांत मोठी उणीव येथे आहे. डॉक्टरांना वाटते, काही त्रास असेल तर ती विचारील. तिला वाटते, महत्त्वाचे असते तर डॉक्टरांनीच सांगितले असते. या परस्परांच्या संकोचात जो काळ जातो, त्याच काळात शरीरात कायमचे बदल घडत असतात.

ओटीपोटावरील रेडिएशन आणि ब्रॅकीथेरपी (शरीराच्या आतून दिले जाणारे रेडिएशन) यांनंतर योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि मार्ग आखूड व अरुंद होतो. हे टाळण्यासाठी डायलेटर नावाचे गुळगुळीत, नळीच्या आकाराचे साधन वापरण्याचा सल्ला दिला जातो. उपचारांची दाहकता ओसरल्यावर, साधारणपणे दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, तपासणी करून ते सुरू करतात आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही मिनिटे, भरपूर वंगण लावून वापरतात. ‘आमचे तसे संबंध आता नाहीत, मग कशाला?’ असे म्हणून ते बाजूला ठेवणे ही सर्रास घडणारी चूक आहे. मार्ग मोकळा राहिला नाही तर पुढील प्रत्येक तपासणी वेदनादायक होते, आणि रोग परतल्याची चिन्हे पाहणेही अवघड जाते. पहिल्या काही वेळी हलकासा रक्ताचा डाग पडू शकतो. रक्तस्राव अधिक असेल किंवा टिकून राहिला तर मात्र दाखवावे.

कोरडेपणासाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि त्यांची गल्लत होते. वंगण हे फक्त संबंधांच्या वेळी किंवा डायलेटरसाठी असते. योनिमार्गासाठीचे मॉइश्चरायझर मात्र आठवड्यातून अनेकदा, नियमाने वापरावे लागते. सुगंधी साबण आणि आतून धुण्याची द्रावणे यांनी दाह वाढतो.

बीजांडकोश काढल्यामुळे किंवा रेडिएशनमुळे पस्तिशी-चाळिशीत एकाएकी रजोनिवृत्ती आली, तर अंगातून वाफा निघणे, झोपमोड आणि चिडचिड यांपलीकडे हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. हार्मोन म्हणजे पुन्हा कर्करोग, असे सरसकट समजून हा विषयच न काढणे चुकीचे आहे. गर्भाशयमुखाचा स्क्वॅमस (चपट्या पेशींचा) प्रकारचा कर्करोग हार्मोनवर पोसला जात नाही, त्यामुळे अशा तरुण स्त्रियांना बहुधा ते देता येतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि बीजांडकोशाच्या काही प्रकारांत निर्णय अधिक सावधपणे घ्यावा लागतो. तेव्हा आपल्या कर्करोगाचा नेमका पेशीप्रकार कोणता, हे विचारून ठेवावे. मूल होण्याची इच्छा असेल, तर तो प्रश्न पहिल्या उपचाराच्या आधीच विचारला गेला पाहिजे. नंतर पर्याय फार कमी उरतात.

जोडीदारासाठीही एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कर्करोग स्पर्शाने किंवा संबंधांतून लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणू असतो, पण हा विषाणू बहुसंख्य लैंगिकदृष्ट्या सक्रिय माणसांना आयुष्यात कधीतरी गाठतोच आणि अनेक वर्षे सुप्त राहू शकतो. त्यावरून कोणाच्याही चारित्र्याचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि तसा काढून आजारी स्त्रीला एकटे पाडणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

दुर्गंधी आणि गळती लपवणे

वाढलेल्या गाठीतून येणाऱ्या स्रावाला वास येतो तेव्हा स्त्रिया माणसांत मिसळणे बंद करतात. हा वास बहुधा ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंमुळे असतो आणि मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाने पुष्कळ कमी करता येतो. योनिमार्गातून लघवी किंवा मळ सतत झिरपत असेल, तर भगेंद्र (फिस्टुला), म्हणजे योनिमार्ग आणि मूत्राशय किंवा आतडे यांना जोडणारे छिद्र, तयार झाले असण्याची शक्यता असते. त्वचेवर संरक्षक मलम लावणे हा तात्पुरता उपाय आहे, तपासणी मात्र लगेच हवी.

थकव्यावर फक्त विश्रांती सुचवणे

सततच्या पडून राहण्याने स्नायू घटतात आणि थकवा वाढतो. रक्तक्षय, थायरॉइड, झोप आणि नैराश्य यांची तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांच्या संमतीने रोज थोडे चालणे सुरू करावे, मग ते सुरुवातीला पाच मिनिटांचे का असेना.

तिच्याविषयी तिच्याशिवाय ठरवणे

तिला धक्का बसू नये म्हणून घरचे तिच्यापासून निदान लपवतात. त्यांच्या मनात माया असते यात शंका नाही. परंतु रुग्णालयाच्या फेऱ्या आणि सर्वांचे उतरलेले चेहरे पाहून तिला बहुधा कळलेलेच असते, आणि मग भीती सांगायला तिच्याजवळ कोणीही उरत नाही. किती आणि कोणाकडून ऐकायचे आहे, हे तिलाच विचारावे. गेल्या आठवड्यातील मनःस्ताप शून्य ते दहा या मापावर किती होता, असा साधा प्रश्न अनेक रुग्णालये विचारतात. उत्तर चार किंवा त्याहून अधिक असेल, तर समुपदेशकाशी बोलण्याची गरज समजतात. ‘सकारात्मक राहा’ या उपदेशाने तो आकडा खाली येत नाही.

उपचार संपले म्हणजे विषय संपला असे मानणे

रेडिएशनचे काही परिणाम महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात: लघवीतून किंवा शौचातून रक्त, वारंवार घाईची शौचाला लागणे, लघवीवरील ताबा सुटणे. चिवट जुलाबांमागे पित्ताम्ले आतड्यात नीट शोषली न जाणे, किंवा लहान आतड्यात जिवाणू अतोनात वाढणे, असे कारण असू शकते, आणि दोन्हींवर औषध आहे. रक्त दिसले तर ते रेडिएशनचेच असेल असे घरी ठरवू नये, तपासून घ्यावे. मात्र ज्या नव्या डॉक्टरांकडे जाल, त्यांना ओटीपोटावर रेडिएशन झाल्याचे सर्वांत आधी सांगावे आणि त्याची कागदपत्रे दाखवावीत. रेडिएशन झालेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढल्यास ती जखम भरून न येता भगेंद्र होऊ शकते, आणि ही माहिती हाती असलेला डॉक्टर तो तुकडा घेण्याआधी थांबून विचार करतो.