फाइल अर्धीच लिहिली गेली तर: लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीकडे चालणारी पद्धत

खानापूरच्या पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. दूध संस्थेच्या संगणकावर सभासदांची मराठी-कन्नड नावे, लिटर आणि फॅट नोंदवणारा प्रोग्राम लिहिताना फाइल मध्येच तुटणार हे धरूनच चालावे.

फाइलमध्ये लिहिणाऱ्या 'राइट' फंक्शनला ८,००० बाइट दिले आणि उत्तर (म्हणजे लिहिले गेलेले बाइट) ५,००० आले, तर ती चूक नव्हे. पॉइंटर ५,०००ने पुढे सरकवून उरलेले ३,००० पुन्हा द्यायचे. सुरुवातीपासून लिहाल तर नोंदी दुबार पडतील. डिस्क भरत आली की बहुधा असेच होते: आधी थोडे लिहिले जाते, खरी चूक पुढच्या फेरीत कळते. उत्तर उणे १ आणि कारण 'ईइंटर' (सिग्नल आल्याने काम मध्येच अडले) असेल तर तीच फेरी पुन्हा मारा. शून्य आले तर थांबा, नाहीतर लूप संपणारच नाही.

मोजायचे ते बाइट, अक्षरे नव्हेत. 'बेळगाव' हा शब्द यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये १८ बाइटांचा. दहाव्या बाइटवर तुटला तर 'बेळ' शाबूत राहते, 'ग'चा मात्र एकच तुकडा उरतो. कन्नड अक्षरांचेही तेच, प्रत्येकी ३ बाइट. विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्येच उघडा. टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक नव्या ओळीमागे एक बाइट वाढतो आणि हिशेब चुकतो.

लिनक्स एका वेळी २,१४,७४,७९,५५२ बाइटांपेक्षा जास्त घेत नाही, आणि विंडोजच्या 'राइटफाइल'मध्ये लांबीला ३२ बिटच आहेत. म्हणून सरळ १ एमबीचे तुकडे करा.

जुनी फाइल बदलायची असेल तर तिच्यावरच लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल करा (दुसऱ्या ड्राइव्हवर केली तर रिनेम फसते), पूर्ण लिहा, 'एफसिंक' (डेटा डिस्कवर उतरवण्याचा आदेश) करा, बंद करा आणि मग रिनेम. सी भाषेचे 'एफराइट' (आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठवून मग लिहिणारे) वापरत असाल तर 'एफफ्लश' आणि 'एफक्लोज' यांचे उत्तरही तपासा. बफरमधली चूक तिथेच उघडी पडते. लिनक्सवर शेवटी फोल्डरलाही 'एफसिंक' लागते. मॅकवर साधे 'एफसिंक' ड्राइव्हची कॅशे (त्याची तात्पुरती मेमरी) रिकामी करत नाही, तिथे 'एफ_फुलएफसिंक' हवे. विंडोजवर 'एफसिंक'च्या जागी 'फ्लशफाइलबफर्स' आणि रिनेमच्या जागी जुनी फाइल बदलण्याचा फ्लॅग लावलेले 'मूव्हफाइलएक्स'; सी भाषेचे साधे रिनेम तिथे जुनी फाइल असली की नकार देते. अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली असेल तर थोडे थांबून चार-पाच वेळा प्रयत्न करा.

रोजच्या नोंदी शेवटी जोडत जायच्या असतील तर दर नोंदीसोबत तिची लांबी आणि चेकसम (नोंदीच्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहा. प्रोग्राम सुरू होताना शेवटची नोंद जुळली नाही तर तेवढीच छाटा.

चाचणीला लाईट जाण्याची वाट कशाला बघायची? जवळजवळ भरलेल्या पेनड्राइव्हवर लिहून बघा.